गुळवे सरांच्या मुंग्या

दिवा स्टेशनजवळच्या आमच्या चाळीत टँकर एक दिवसाआड यायचा, तोही आला तर. आदल्या दिवशीच लाइनीत कॅन लावून ठेवायचे आणि टँकर यायच्या वेळेला कॅनपाशी घरातलं एक माणूस उभं करायचं, अशी पद्धत. माणूस नसलं की मागचे लोक कॅन पायाने बाजूला सारतात. आई मसाल्याच्या कंपनीत पॅकिंगला, बाबा शेडच्या पत्र्यावरून पडल्यापासून जिना उतरत नव्हते, मी कॉलेजात. उरला सुमेध, माझा भाऊ, वय वर्षं नऊ. त्याला कॅनपाशी उभं केलं की पाचव्या मिनिटाला गायब. एकदा पतंगामागे गेलेला, एकदा जेसीबी बघायला, आणि एकदा काहीच कारण नव्हतं, नुसताच गेलेला. मग आई कामावरून आली की हंडा घेऊन शेजारणींच्या दारात उभी राहायची. शेजारणी पाणी द्यायच्या, वर दोन शब्दही द्यायच्या.

शाळेत तेच. वही अर्धी, डबा वर्गात, दप्तर ग्राउंडवर. शेवटी बाईंनी आईला बोलावून सांगितलं, "मुलगा वाईट नाही हो, पण एका जागी नाही. दिवाळीनंतर फरक दिसला नाही तर दुसरी शाळा बघा." चालत जाण्यासारखी शाळा तेवढी एकच होती. दुसरी शाळा म्हणजे रिक्षा, आणि रिक्षा म्हणजे शाळा बंद. आई घरी आली ती चप्पल न काढताच खाली बसली.

मी तेव्हा नुकतीच बी.एस्सी. झालेले. फिजिक्स. आमच्या अख्ख्या घराण्यात कॉलेजची डिग्री घेतलेली पहिली मी, आणि हे मी कोणी विचारलं नाही तरी सांगते. नोकरी शोधत डोंबिवली पूर्वेला फिरत होते, तर एका फरसाणच्या दुकानाच्या वर पाटी दिसली: 'एकाग्र मेंदू विकास केंद्र. चंचल मुलांसाठी विद्युत उपचार.' खाली कागद चिकटवलेला: 'सायन्स ग्रॅज्युएट पाहिजे.' मी वर गेले. तिथे गुळवे सर भेटले.

वय साठीच्या आसपास. केसांचा फक्त पुढचा भाग काळा केलेला, कारण फोटोत पुढचाच भाग येतो. अंगात पांढरा शुभ्र ॲप्रन. भेटल्याबरोबर पहिलं वाक्य: "मी डॉक्टर नाही हं."

हे वाक्य ते प्रत्येकाला सांगायचे. पण सांगायची तऱ्हा अशी, की ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस डॉक्टरच्या दोन पायऱ्या वर गेलाय आणि विनयाने बोलतोय. "मी डॉक्टर नाही. डॉक्टर गोळ्या लिहितात." मग जरा थांबायचे. समोरची आई मान हलवायची. एकदा एका आजीने वाकून त्यांच्या पायाला हात लावला. सर म्हणाले, "आजी, मी डॉक्टर नाही." आजी म्हणाली, "म्हणूनच." मी विचारलं, मग पांढरा कोट कशाला? तर म्हणे, "कोट नाही तो, ॲप्रन आहे. शाईचे डाग पडतात." केंद्रात सगळे बॉलपेनने लिहीत होते.

सर मूळचे स्टॅबिलायझर दुरुस्त करणारे. डोंबिवलीत पूर्वी व्होल्टेज वरखाली व्हायचं, घरोघरी फ्रीजखाली स्टॅबिलायझर असायचा, तेव्हा सरांना मागणी होती. नंतर वीज सुधारली आणि सरांचा धंदा बसला. डोंबिवलीचं भलं झालेलं ज्याला बघवलं नाही, असा मी पाहिलेला हा एकच माणूस. मग त्यांनी त्याच गाळ्यात हस्ताक्षर वर्ग काढला. मग अबॅकस. मग डोळ्यांना पट्टी बांधून पुस्तक वाचायचा वर्ग. तो वर्ग पालकांच्या समोर भरलेल्या कार्यक्रमात संपला. एका मुलीने माइकवर सांगितलं, "नाकाच्या बाजूने खालचं दिसतं." सर उठले आणि म्हणाले, "दिसतं! हेच तर आपण शिकवतो!" निम्म्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, असं ते मला स्वतःच अभिमानाने सांगायचे.

स्टॅबिलायझर सुटला तरी सरांच्या डोक्यातून तो कधी सुटला नाही. त्यांच्या मते मेंदू म्हणजे घरातलं वायरिंग. "पोरगं वाईट नसतं साळवे, अर्थिंग वाईट असतं." पालकांसमोर मी साळवे मॅडम, पालक गेले की अगं साळवे. कोणी पालक जिना उतरून गेले की सर लगेच निदान करायचे. "आई हाय व्होल्टेज आहे. बाप सिंगल फेज. पोराने काय करायचं? ट्रिप होतंय बिचारं." हसू यायचं, आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा निदान बरोबर असायचं.

मशीन म्हणजे साबणाच्या डबीपेक्षा जरासा मोठा राखाडी खोका. आत बॅटरी. बाहेर दोन वायरी, वायरींच्या टोकाला दोन स्पंज. स्पंज मिठाच्या पाण्यात भिजवायचे, रबरी पट्ट्याखाली पोराच्या कपाळावर बसवायचे, बटण दाबायचं, लाल दिवा लागला की वीस मिनिटं. हे काम माझं. खोक्यावरची अक्षरं चिनी होती, भिंतीवर मात्र लिहिलेलं 'जर्मन तंत्रज्ञान'. विचारलं तर सर म्हणाले, "जर्मनीने चीनला दिलं, चीनने आपल्याला."

डोक्याला हलका करंट देऊन अशा मुलांचं लक्ष सुधारतं का, हे मोठमोठ्या हॉस्पिटलांत डॉक्टर लोक तपासून बघतात, हे खोटं नाही. मी वाचलेलं. सरांनीही वाचलेलं, पण पहिलं पानच. 'तपासून बघतात' इथपर्यंत त्यांचा धीर टिकला नाही.

आणि मी? मी तर शेवटचं पानही वाचलेलं. तरी मुलाखतीत मी पगाराच्या आधी विचारलं, "सर, माझा भाऊ आहे, नऊ वर्षांचा." सर म्हणाले, "आण की. स्टाफचा भाऊ तो आपला भाऊ." मी दुसऱ्याच दिवशी सुमेधला आणलं. फिजिक्सची डिग्री घरात भिंतीवर होती, आणि घरात चप्पल न काढता बसलेली आई होती. मी आईकडे बघितलं.

पोरांना मशीन लावलं की सर खुर्ची ओढून समोर बसायचे आणि विचारायचे, "मुंग्या आल्या का?" करंटने कपाळाला हलकं टोचल्यासारखं होतं, त्याला सर मुंग्या म्हणायचे. पोरगं हो म्हणालं की सर खूश. "कितपत आल्या? काळ्या की लाल?" पोरं खिदळायची. ह्या माणसाचं एक कबूल करायला पाहिजे. त्याने कधी कोणा पोरावर आवाज चढवला नाही. उकिडवे बसून बुटाच्या नाड्या बांधून द्यायचे. आया बोलायला लागल्या की अर्धा अर्धा तास ऐकून घ्यायचे, मध्ये घड्याळ बघायचे नाहीत. खालून शेव तळल्याचा वास यायचा आणि पोरांचं सगळं लक्ष तिकडे असायचं, तर म्हणायचे, "बघ साळवे, लक्ष आहे. फक्त फेज चुकलाय."

पालकांना घरी एक वही दिलेली, प्रगतीची. रोज मुलाला दहापैकी चांदण्या द्यायच्या. वहीचा आलेख मी काढायचे. आलेख डोंगरासारखा वरखाली व्हायचा. सर खाली आलेले दिवस बोटाने झाकून बघायचे.

असं करता करता खंडेनवमी आली. त्या दिवशी हत्यारांची, अवजारांची पूजा. डोंबिवलीत रिक्षापासून लिफ्टपर्यंत सगळ्यांना झेंडू लागतो, मग मेंदूच्या मशीनला का नाही? सरांनी स्वतः वायरी उपटून बाजूला ठेवल्या, मशीन पाटावर बसवलं, हळद लावली, कुंकू लावलं, आणि अक्षता अशा वाहिल्या की लग्नातसुद्धा इतक्या पडत नाहीत. आमच्या घरी हे नसतं. मी बाजूला उभी राहिले, पेढा मात्र घेतला. दसऱ्याची सुट्टी झाली, तिसऱ्या दिवशी सरांनी मशीन फडक्याने पुसलं, वायरी स्वतःच्या हाताने खोचल्या, लाल दिवा लागला, आणि केंद्र पुन्हा सुरू.

"मुंग्या आल्या का?"

"आल्या!"

सगळी पोरं म्हणाली आल्या. फक्त सुमेध म्हणाला, "नाही आल्या."

"नीट बघ."

"नीट बघितलं. आज दिवा लागलाय, पण मुंग्या नाहीत."

सर माझ्याकडे वळून म्हणाले, "मुरल्या. म्हणजे मेंदूने आता करंट आपला मानला." मीही सुमेधला गप्प बस म्हणाले. घरी जातानाही तो म्हणाला, "ताई, खरंच नाहीत गं." मी म्हणाले, "तुझं लक्ष कुठे असतं?" पुढच्या वेळेला पुन्हा, "नाहीत." त्याच्या पुढच्या वेळेलाही.

इकडे आलेख मात्र चढायला लागला. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत वह्यांमध्ये अशा चांदण्या पडल्या, की मला पान पुरेना. आठ, नऊ, एका आईने दहापैकी अकरा दिलेल्या. सरांना आता एकही दिवस बोटाने झाकावा लागत नव्हता. त्यांनी ठरवलं, भाऊबीज झाली की रविवारी पालक मेळावा घ्यायचा. "आणि साळवे, तू बोलायचंस. सायन्स ग्रॅज्युएट बोलली की वजन पडतं. भावाचंही सांग."

मेळाव्याच्या आदल्या दुपारी मी स्पंज धूत होते. काय वाटलं कोण जाणे, पट्टा स्वतःच्या कपाळाला लावला आणि बटण दाबलं. लाल दिवा लागला. बाकी काही नाही. स्पंज अजून भिजवले. काही नाही. वायर उपटली आणि मोबाइलच्या टॉर्चने खोक्याच्या भोकात बघितलं. आत तांदळाचा दाणा. अर्धाच, कुंकवाने लाल झालेला, तळाशी घट्ट बसलेला. त्याच्यामुळे वायरीची पिन वरवर बसत होती आणि आत टेकतच नव्हती. खंडेनवमीपासून कपाळापर्यंत एक थेंब करंट गेलेला नव्हता.

टाचणीने दाणा काढला, तळहातावर घेतला आणि सरांसमोर धरला.

"हे काय?"

"अक्षता. आपली. दसऱ्यापासून मशीन बंद आहे, सर."

"दिवा लागतोय की."

"दिवा आतल्या बॅटरीवर लागतो. वायरीत काही येत नाही. येत नव्हतं."

सर दाण्याकडे बघत राहिले. स्टॅबिलायझर उघडून आयुष्य काढलेला माणूस, त्याला हे मी समजवायची गरज नव्हती. चेहरा क्षणभर अगदी साध्या मेकॅनिकचा झाला. मला वाटलं, आता म्हणतील, चुकलं. पण त्यांनी तो वह्यांचा आलेख पुढे ओढला, त्यावर बोट फिरवलं आणि डोळे चमकले.

"म्हणजे करंट शून्य, आणि रिझल्ट हा?"

"सर, दसऱ्यानंतर सहामाही, मग दिवाळीची सुट्टी. वर्गच भरले नाहीत, तर तक्रार कोण करणार?"

"नाही नाही. साळवे, हे फार मोठं आहे. करंट जितका कमी, तितका खोल जातो!" ॲप्रनच्या खिशातून पेन काढून त्यांनी तिथेच कागदावर लिहिलं: 'सूक्ष्म उपचार.' आणि त्याखाली, 'अतिचंचल मुलांसाठी विशेष.'

मी म्हणाले, "आणि माझा भाऊ? तो तीन आठवडे सांगतोय, मुंग्या नाहीत."

"तो हट्टी आहे."

तिथे माझं डोकं फिरलं. बारा पोरं हो म्हणाली, बारा आया हो म्हणाल्या, मी फिजिक्सची ग्रॅज्युएट गप्प बस म्हणाले, आणि ज्याला लक्ष नाही म्हणून शाळेतून काढायला निघालेले, त्या एकट्याच्या लक्षात आलेलं.

रविवारी हॉल भरला. सरांनी 'मी डॉक्टर नाही'पासून सुरुवात केली, आलेख दाखवला, सूक्ष्म उपचाराची घोषणा केली आणि म्हणाले, "आता आमच्या साळवे मॅडम." मी माइक घेतला. जे झालं ते सरळ सांगितलं. मशीनमध्ये अक्षतेचा दाणा अडकलेला. दसऱ्यापासून कोणालाही करंट मिळालेला नाही. तुमची मुलं शांत वाटली, कारण सहामाही आणि सुट्टीमुळे वर्ग भरत नव्हते आणि तुम्ही रोज त्यांच्याकडे चांदण्या द्यायला म्हणून तरी नीट बघत होता. मशीनचा काही गुण दिसला असेल असं मला वाटत नाही. मुलांना डॉक्टरकडे न्या, खऱ्या.

मला वाटलेलं, लोक सरांवर उठतील. लोक माझ्यावर उठले.

"मग आमच्या ओमने तेराचा पाढा कसा पाठ केला?" अकरा चांदण्यांवाली आई.

"मशीन बंद होतं तर तुम्ही तिथे काय करत होता? तुमचं कामच ते ना?" हे बरोबर होतं. मी म्हणाले, "हो, माझीही चूक आहे."

भोईरताई म्हणून एक होत्या, इथल्याच मूळच्या, जमिनी बिल्डरला देऊन टॉवरमध्ये राहायला गेलेल्या. त्या उठल्या. "मना काय कलत नाय तुमच्या वायरीचा. माजा पोरगा पंधरा दिस गप बसलाय. आता त्यो दाना परत टाका."

लोक हसले, पण त्या हसत नव्हत्या. मागून एका वडिलांनी हात वर केला. अगदी गंभीर. "सर, सूक्ष्म पॅकेजमध्ये पूजा धरून आहे का?"

सर म्हणाले, "धरून आहे."

तेवढ्यात चार घरं मात्र उठली, मुलांचे हात धरून बाहेर गेली. सरांनी ती जाताना बघितली. हॉल रिकामा झाल्यावर ते माझ्याजवळ आले, रागावले नाहीत, नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस साळवे. तुझं कामात लक्ष नाही."

सोमवारी मी सुमेधला घेऊन ठाण्याला सरकारी दवाखान्यात गेले. केस पेपर काढायला एक लाइन, नंबर लावायला दुसरी. मुलांच्या मानसिक आजारांची डॉक्टर माझ्यापेक्षा फार मोठी नसावी. तिने त्याला मणी ओवायला दिले आणि मला शंभर प्रश्न विचारले. शाळेच्या बाईंकडून लिहून आणायला लावलं. दोन खेपांनंतर सांगितलं, लक्ष टिकत नाही, हा आजार आहे, खोडसाळपणा नाही. औषध सुरू केलं. पहिल्या बाकावर बसवा, मोठं काम तुकडे करून द्या, मध्ये उठू द्या, असं शाळेच्या नावाने पत्र लिहून दिलं. मी केंद्राचं सगळं सांगून मशीनचं विचारलं. ती म्हणाली, "त्याच्यावर अभ्यास चालू आहेत, अजून खात्रीने सांगता येत नाही. आणि अभ्यास करतात ते फरसाणच्या दुकानावर करत नाहीत." पत्र घेऊन मी शाळेत गेले. बाईंनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "हे आधी का नाही आणलंत?"

महिन्याला एक खेप चालू राहिली. सातव्या की आठव्या खेपेला त्या ओपीडीच्या बाहेर बाकावर गुळवे सर दिसले. अंगात ॲप्रन नव्हता, साधा चौकटीचा शर्ट. पुढचे केसही पांढरे झालेले. शेजारी सहा-सात वर्षांचं पोरगं, बाकाखाली शिरायचा प्रयत्न करत होतं आणि सर एका हाताने त्याची कॉलर धरून बसलेले. मी ओळख दाखवली नसती, पण त्यांनीच सरकून जागा केली.

"बस. आमच्या मुलीचा मुलगा. बदलापूरला असतात."

मी बसले. राग होता, बोललेच. "केंद्रात नाही आणलंत, सर?"

"आणलेलं ना. सहा महिने रोज लावलं. दाणा नाही, काही नाही, पिन मी स्वतः तपासायचो." पोराला बाकाखालून ओढून काढत ते म्हणाले, "मुंग्या येतात म्हणतो. मला बरं वाटावं म्हणून म्हणतो गं तो."

टोमणे घरून तयार करून आणलेले नव्हते, आणि असते तरी त्या वेळी उपयोगाचे नव्हते. त्यांनीच विचारलं, "ही बाई कशी आहे?"

"ऐकून घेते," मी म्हणाले. "शाळेचं लिहून आणलंय का? पहिल्या खेपेला तेच मागते. नाहीतर परत पाठवते."

त्यांनी पिशवीतून कागद काढून दाखवला. शाळेच्या बाईंचं पत्र होतं, नीट घडी घातलेलं. नंबर पुकारला. सर उठले, पोराची चप्पल सुटलेली ती उकिडवे बसून घातली, पोराला पुढे केलं आणि मागोमाग आत गेले. दार लागलं.

सुमेधने पाचवीची परीक्षा सगळे पेपर वेळ संपेपर्यंत बसून दिली आणि पास झाला. आता तो सहावीत आहे, त्याच शाळेत.